दोन भोकांची बंडी

आमच्या घरात नवा कपडा कधी आला नाही. आला तो मेलेल्याचा. बा गावचा कोतवाल होता, आणि गावात कुणी मेलं की मढ्याच्या अंगावरचं कापड कोतवालानं न्यायचं, अशी रीत होती. गाव त्याला आमचा हक्क म्हणायचं. हक्क! देवळाची पायरी आमची नाही, विहिरीचं पाणी आमचं नाही, पण सरणावर नको असलेलं धोतर तेवढं हक्काचं. माय ते नदीवर नेऊन राखेनं धुवायची, मी शिवायची आणि बा घालायचा. लोक बाच्याकडे बोट दाखवून सांगायचे, हे अमक्याचं मुंडासं, ही तमक्याची पैरण. बा दवंडी देत निघाला की गावातले अर्धे मेलेले त्याच्यासोबत निघाले असं वाटायचं.

शिवणं मी सासरी शिकले. म्हणजे कुणी शिकवलं नाही. एका शिंप्याचं अंगण झाडायचं काम माझ्याकडे होतं. तो ओट्यावर बसून शिवायचा आणि मी झाडू धरून त्याच्या बोटांकडे बघत राहायची. त्यानं मला सुईला हात लावू दिला नाही, पण माझ्या डोळ्यांना तो काय करणार होता? पुढे नवऱ्यानं दुसरी केली आणि मला माहेरी आणून सोडलं. तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. सासरहून मी काही आणलं असेल तर एवढी एक विद्या.

ते लढाईचे दिवस होते. जऊळक्याच्या स्टेशनाजवळ पलटणीचा तळ पडला होता, रूळ कुणी उखडू नयेत म्हणून. आमचं गाव तिथून कोसभर. मधल्या वाटेवर दोघा माळी भावांचा मळा होता. वांगी, मुळे, मेथी, कोथिंबीर, सगळं पिकायचं आणि त्यातलं बरंचसं पलटणीच्याच भटारखान्यात जायचं. थोरला भाऊ अंगानं चांगला भरलेला, दोन माणसांचं काम एकटा उपसणारा. त्याची बायको भाजी कापून जुड्या बांधायची. धाकटा मोट हाकायचा. तिघं कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तळावरचे शिपाई मळ्यात आंघोळीला यायला लागले. मोटेचं पाणी जिथं पडतं त्या थारोळ्यात उतरायचे आणि साबण लावायचे. तेच पाणी दांडानं मेथीच्या वाफ्यात जाणार. थोरल्यानं हात जोडून सांगितलं, आंघोळ करा, पण खालच्या अंगाला करा, मेथी जळते. त्यांनी हसून आणखी फेस केला. तेव्हा धाकट्यानं मोट थांबवली, बैल सोडले आणि छपरात नेऊन बांधले. अंगाला साबण तसाच राहिलेले शिपाई शिव्या देत तळावर गेले. एवढाच गुन्हा. बैल सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं जण बंदुका घेऊन आले. ते गोरे होते की काळे, असं पुढे मला वाशीमच्या वकिलानंही विचारलं. एक गोरा आणि दोन आपल्यासारखेच. कुणाचा रंग कोणता हे विचारून बाईचं कुंकू परत येणार होतं का? धाकटा उघड्या अंगानं मोट हाकत होता. त्याला त्यांनी बैलांच्या धावेवरच गोळी घालून पाडलं, एक शब्द न बोलता. थोरला वाफ्यात पाणी वळवत होता. त्यानं फावडं टाकलं आणि बायकोच्या दिशेनं पळाला. ती कुंपणाजवळ मेथी कापत होती. तो तिच्यापासून चार हातांवर पालथा पडला.

तळावरून जे सांगितलं गेलं ते असं: दोघं भाऊ फावडं घेऊन शिपायांवर धावून आले, म्हणून जीव वाचवायला गोळी झाडावी लागली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. ज्यांनी वर्षभर यांची वांगी खाल्ली, त्यांना यांचं फावडं आता दिसलं.

पाटलानं बाला ठाण्यावर वर्दी द्यायला पिटाळलं. फौजदार काही आला नाही. आला तो तळावरचा कप्तान, मोटारीतून. चावडीत बसून चहा प्याला, पाटलाशी बोलला आणि गेला. लगेच पाटलानं फर्मान काढलं की दुपारच्या आत दोन्ही मढी उचला. माळीण म्हणाली, फौजदारानं पाहिल्याशिवाय मी हात लावू देणार नाही. पाटलानं तिच्याशी वाद घातला नाही. त्याला त्याची गरजच नव्हती. आमच्याकडे गावात मढं असेपर्यंत कुणाची चूल पेटत नाही. ऊन डोक्यावर आलं, घराघरांतली पोरं भुकेनं रडायला लागली, आणि बाया एकेक करून माळणीपाशी येऊन बसल्या. कुणी उठ म्हणालं नाही, पण पोरं मात्र सगळ्यांनी सोबत आणली होती. शेवटी तीच म्हणाली, न्या. पलटणीला जे बंदुकीनं साधलं नसतं ते आमच्या चुलींनी साधून दिलं.

फौजदार तिसऱ्या दिवशी उगवला. वरातीमागून घोडं. त्याला दाखवायला राख उरली होती. पंचनाम्यात त्यानं काय लिहिलं ते पंचांना वाचून दाखवलं नाही, अंगठे तेवढे घेतले.

मसणवटीत बानं रीतीप्रमाणे थोरल्याच्या अंगावरची बंडी काढून घेतली होती. धाकटा उघडाच होता, त्याची जखम त्याच्यासोबतच जळली. बंडी घरी आली तेव्हा रक्तानं कडक झालेली होती. मायनं दोन दिवस धुतली. मग ती माझ्याकडे आली. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. जाड मांजरपाट, तीही जेमतेम वर्षाची. थंडी पडली होती आणि बा रात्रंदिवस खोकत होता. पाठीवर बोराएवढं भोक होतं आणि पुढच्या बाजूला छातीपाशी तळहाताएवढं फाटलं होतं. कापड वाया घालवायचं नाही म्हणून मी कडा कापल्या नाहीत. धागे होते तसे दाबून बसवले आणि वरून ठिगळं लावली. टाके इतके बारीक घातले की मायनं माझं कौतुक केलं. बाला ती सैल व्हायची, पण ऊब होती.

मी काय शिवून टाकलं हे मला पंधरा दिवसांनी कळलं.

माळीण वाशीमला जाऊन आली होती. एकटी, पायी स्टेशनापर्यंत आणि पुढे गाडीनं. तिथं एक वकील तिचं काम बघायला तयार झाला. तो काही देवमाणूस नव्हता, पण सरकारवर त्याचा राग होता आणि तेवढ्यावर आमचं भागत होतं. त्यानं विचारलं, मढी जाळलीत, मग गोळी पुढून लागली की मागून हे कशावरून दाखवायचं? बायकोच्या तोंडच्या साक्षीला कोर्टात कोण विचारतं? तेव्हा तिला बंडी आठवली.

दुपारची ती आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या घरातलं कुणी महारवाड्यात पाऊल टाकेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नसतं. बा ती बंडी घालून लाकडं फोडत होता. ती बंडीकडे बघत राहिली. मग ती बोलली, आणि बाला आजवर ज्या बाईनं अरे-तुरेच केलं होतं ती तुमी म्हणाली.

"कोतवाल, थे बंडी मले द्या. वकील म्हंते, भोक पाह्यलं पाह्यजे."

"भोक कुठी राह्यलं बाई," बा म्हणाला. "पोरीनं शिवून टाकलं."

ती आमच्या अंगणात, आमच्या मातीत खाली बसली. मला माझ्या बोटांचा इतका राग आला की सुई हातात असती तर मी ती मोडली असती. मी म्हटलं, उसवून देते, आत्ता देते. त्यावर मायनं मला गप्प केलं. पाटलानं त्याच आठवड्यात बाला चावडीत उभं करून बजावलं होतं, मळ्याच्या भानगडीत पडलास तर कोतवालकी जाईल. कोतवालकी म्हणजे आमची भाकरी. माय माळणीच्या तोंडावरच बाला म्हणाली, "त्याईच्यासाठी आपन काहून मराव? त्याईच्या विहिरीवर आपल्याले पानी तरी भेटते काय?"

माय खोटं बोलत नव्हती. मळ्याच्या वाटेनं जाताना तहान लागली तर आम्ही थारोळ्यापासून दहा हात दूर ओंजळ धरून उभं राहायचं, आणि धाकट्याला वाटलं तर तो वरून पाणी ओतायचा. शिपायांनी त्याच थारोळ्यात बूट काढून पाय घातले होते, आम्ही मात्र बोट बुडवायचं नाही. माळणीनं मान खाली घातली. आजही कुणी विचारलं तर मी मायच्याच बाजूनं बोलेन.

बानं कुऱ्हाड खाली ठेवली, बंडीचे बंद सोडले आणि उघड्या अंगानं थंडीत उभा राहिला.

"मेलेल्याच्या अंगावरून घेतली आपन," तो मायला म्हणाला. "आता त्याचंच काम निंगालं, तं नाई कसं म्हनाव?"

वकिलाचा निरोप आला की घरी उसवू नका, नाहीतर म्हणतील भोक आत्ता पाडलं. बंडी शिवलेली आणा आणि जिनं शिवली तिलाही आणा. माळणीबरोबर मी निघाले. बंडी मी लुगड्याखाली अंगातच घातली. जऊळक्याच्या फलाटावर शिपाई उभे होते. त्यांनी माळणीची टोपली उपडी केली, भाकरी पायानं सरकवून बघितल्या आणि हसले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. गाडीत आम्ही दोघी एका बाकड्यावर बसलो, मध्ये टोपली ठेवून. वाशीम येईपर्यंत ती टोपली तिनं बाजूला केली नाही आणि मीही सरकले नाही.

वकिलाच्या अर्जावरून मॅजिस्ट्रेटनं चौकशी लावली होती. कोर्टात मी बंडी काढून कारकुनापुढे धरली, तर तो मागे सरकला. म्हणाला, खाली ठेव. मी जमिनीवर ठेवली. त्यानं छत्रीच्या टोकानं ती उचलून टेबलाच्या कडेवर टाकली. त्याला रक्ताची भीती नव्हती, रक्त केव्हाच धुतलं गेलं होतं. त्याला आमची भीती होती. खून करणाऱ्यांचा कप्तान खुर्चीवर बसला होता, पायावर पाय टाकून, आणि त्याला त्याच कारकुनानं दोनदा पाणी आणून दिलं.

सरकारी वकिलानं मला विचारलं, नवऱ्यानं तुला का टाकलं? याचा गोळीशी काय संबंध हे कुणी विचारलं नाही. मग विचारलं, मेलेल्याचे कपडे घालायला तुम्हाला किळस येत नाही का? लोक हसले. मी म्हटलं, येते, पण थंडीही येते. तेव्हा मॅजिस्ट्रेटनं हसणाऱ्यांना दटावलं. तो गोरा नव्हता, आपल्या देशातलाच होता, चष्मा लावणारा, थकलेला. त्यानं मला सांगितलं, जे दाखवायचं ते दाखव.

मी कात्री मागितली. मिळाली नाही. मग मी बंडी तोंडाशी नेली आणि माझे स्वतःचे टाके दातांनी तोडले. एवढे बारीक टाके घातल्याबद्दल मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत होते. सगळं कोर्ट बघत होतं आणि मी धागे थुंकत होते. पाठीवरचं ठिगळ निघालं, पुढचं निघालं. कडा कापल्या नव्हत्या म्हणून धागे अजून जिथल्या तिथं होते. मी दोन्ही बाजू साहेबासमोर उजेडाकडे धरल्या.

"साहेब, सुई ज्या अंगानं घुसते, त्या अंगाचा धागा आत जाते. हे मांगचं भोक पाहा, लहान हाये, धागे आत वयले. पुढचं पाहा, मोठं हाये, धागे भाईर आले. गोयी पाठीतून घुसली. जो मानूस पाठ करून पयते, तो कोनाच्या अंगावर धावून जाते काय?"

मॅजिस्ट्रेटनं बंडी हातात घेतली. त्याला विटाळ झाला नाही की झालेला कळला नाही, देव जाणे. त्यानं पाठीकडून भोकात बोट घातलं आणि ते पुढून बाहेर काढलं. कप्तान छताकडे बघत होता. मॅजिस्ट्रेट बराच वेळ लिहीत राहिला. बाहेर आल्यावर वकिलानं सांगितलं, त्यानं लिहिलंय, गोळी पाठीमागून लागली, मयत पळत होता. माळणीनं ते वाक्य त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिला एवढंच हवं होतं, की तिची माणसं कुणावर धावून गेली नाहीत हे कुठंतरी लिहिलं जावं. मला तेवढं पुरत नव्हतं. मला ते तिघं त्या पिंजऱ्यात उभे हवे होते.

ते काही झालं नाही. कामावरच्या शिपायावर खटला भरायचा तर वरून परवानगी लागते. कागद वर गेला आणि चार महिने वरच राहिला. मग उत्तर आलं, परवानगी नाही. का नाही, हे त्यात नव्हतं. तोवर तळ उठला होता, पलटण कुठल्या कुठं गेली होती आणि मॅजिस्ट्रेटचीही बदली झाली होती. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं मला गावातल्या प्रत्येकानं येऊन सांगितलं. ही म्हण ज्यानं केली त्याच्या घरचं माणूस पाठीत गोळी लागून मेलं नसणार. आणि हे सांगणाऱ्यांपैकी एकानंही त्या दिवशी एका दुपारची भूक सोसली नव्हती, ते मी विसरले नव्हते. त्यांच्या तोंडावर बोलले नाही, याचा मला आजही पस्तावा आहे.

चौकशीचं काम मिटलं तशी बंडी परत मिळाली. कारकुनानं ती माझ्या पायाशी टाकली. मी माळणीपुढे धरली. म्हटलं, तुमच्या माणसाची आहे, ठेवून घ्या. तिनं ती हातात घेतली, भोकांवरून बोट फिरवलं आणि मला परत दिली.

"तुह्या बाची हाये थे," ती म्हणाली. "फक्त शिवू नको."

मी शिवली नाही. पुढच्या थंडीत बानं ती तशीच घातली, पुढून-मागून उघडी. मायनं आदळआपट केली, वारा लागून मरशील म्हणाली. बानं ऐकलं नाही. ती घालूनच तो दवंडी द्यायचा, चावडी झाडायचा, पाटलासमोर उभा राहायचा. पाटलानं एकदा दरडावलं, तसं बा अगदी नम्रपणे म्हणाला की गावाच्या रीतीनं मिळालेलं कापड आहे, रीत मोडू का? रीत तर पाटलाच्याच बापजाद्यांची. लेकीनं साक्ष दिली म्हणून कोतवाल काढला, असं वाशीमचा वकील वर लिहून कळवेल, याचीही पाटलाला धास्ती होती. त्यामुळे तो दात-ओठ खात गप्प बसला.

आणि कोतवालाचं काम असं, की गावात कुणी अंमलदार आला की त्याच्यापुढे चालून वाट दाखवायची. अंमलदार मागे, कोतवाल पुढे. त्या थंडीत तोच फौजदार एका चोरीच्या तपासाला आला. जऊळक्याच्या स्टेशनापासून गावापर्यंत कोसभर वाट, मळ्याच्या कुंपणाला लागून जाणारी, आणि कोसभर त्याच्या डोळ्यांपुढे बाची पाठ. बा सांगायचा, तो भरभर चालला की फौजदार मागे राहायचा, हळू चालला तरी फौजदार मागेच राहायचा, पण बाजूनं पुढे काही व्हायचा नाही, कारण पुढून दिसणारं भोक जास्त मोठं होतं. गावात पोचल्यावर फौजदार पाटलावर कडाडला, याला आधी धड कपडा द्या.

आठ दिवसांत कोट आला. खाकी, गरम, पितळी बटणांचा, शिंप्याच्या दुकानातून थेट. आमच्या घरात आलेला पहिला नवा कपडा. मायनं तो डोळ्यांना लावला. मला तो चुलीत घालावासा वाटला, कारण तो कशाची किंमत म्हणून आला होता ते मला कळत होतं. बाला मी तसं म्हटलंही. बा कोट उलटापालटा करून बघत बसला.

महिन्याभरानं फौजदार पुन्हा आला. चावडीतून बोलावणं आलं तसा बानं कोट अंगात घातला, सगळी बटणं लावली. मग त्यानं खुंटीवरची बंडी काढली आणि कोटाच्या वर चढवली. थोरला माळी अंगानं भरलेला होता, बंडी कोटावरूनही बसली. आता भोकांतून बाची कातडी दिसत नव्हती, सरकारचं खाकी कापड दिसत होतं.

"थंडी तं कोटानंच जाते," बा मला म्हणाला, आणि फौजदाराच्या पुढं चालायला निघाला.